वहीतला ‘सरीका’

पुलगावात शिकवताना एका मुलीच्या मराठीच्या वहीत वाक्य आले, “माझे घर तुझ्या सरीका आहे.” मी लाल शाईने ‘सरीका’ खोडले आणि वर ‘घरासारखे’ लिहिले. शेजारचे सहकारी हसून म्हणाले, “सर, घरातली उर्दू काही सुटत नाही यांची.” मीही हसलो. घरी आल्यावर ते हसणे बोचू लागले. माझी अम्मीसुद्धा ‘तेरे सरीका’ असेच बोलते.

रात्री शब्दाचे मूळ शोधत बसलो. संस्कृतात ‘सदृक्ष’. त्याचे प्राकृतात ‘सरिक्ख’ झाले. त्यातूनच मराठीचा ‘सारिखा’ आला. ज्ञानेश्वरीत (शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०) हे रूप भेटते. पुढे मधला इकार गळाला आणि ‘सारखा’ उरला. त्याच ‘सरिक्ख’पासून हिंदी-उर्दूचा ‘सरीखा’ निघाला आणि आमच्या घरांतल्या बोलीत ‘ख’चा ‘क’ होऊन ‘सरीका’. म्हणजे हा शब्द ना अरबस्तानातून आला, ना इराणातून. वहीतला आणि पाठ्यपुस्तकातला, दोन्ही सख्खी भावंडे. इकाराचे म्हणाल, तर तो वहीतल्यानेच सांभाळला आहे!

गंमत म्हणजे तेच सहकारी दुसऱ्या दिवशी आपल्या नातीबद्दल म्हणाले, “हुबेहूब आजीसारखी.” आता ‘हुबेहूब’ म्हणजे ‘हू-ब-हू’. अरबी ‘हू’ म्हणजे तो, मधला ‘ब’ फारसी. त्यावर कोणी लाल शाई उगारत नाही. उगारूही नये.

मुलीचे वाक्य चुकले होते, हे खरेच. तुलना घराशी होती, तिने ती थेट मैत्रिणीशी केली. पण आमची मुले खरी अडखळतात ती दुसरीकडेच. “बाळ सारखे रडते” याचा उर्दू अर्थ विचारला, तर अर्ध्या वर्गाने ‘यकसाँ’ लिहिले. हवे होते ‘बार बार’. शिवाय पदर सारखा करतात, अंथरूण सारखे करतात, तिथे सारखा म्हणजे नीट. हे दोन अर्थ ‘सरीखा’कडे नाहीत, ते मराठीने स्वतः कमावले. आणि खेड्यातून येणारी मुले तर ‘सारखा’ सोडून सरळ ‘माह्यावानी’ म्हणतात. त्यांच्या वऱ्हाडीला मात्र कोणी परकी म्हणत नाही.

मी वही परत मागवली. खाडाखोडीखाली लिहिले, ‘सरीका, सारखा : दोन्ही सरिक्खपासून.’ तिने वाचले आणि विचारले, “सर, मग कापलेला मार्क?”

अर्धा परत दिला. उरलेला अर्धा ‘घर’ विसरल्याचा होता.