सिरोंच्याचा निवांत रस्ता: एका बुडालेल्या जलमार्गाचा वारस

आलापल्ली सोडून दक्षिणेला निघालेला सायकलस्वार सिरोंच्याला पोचेपर्यंत सुमारे १०० किलोमीटर तोडतो. वाटेत रेपनपल्ली, जिमलगट्टा, उमानूर, बामणी ही गावं लागतात आणि मधे सागवानाचं जंगल. उभा घाट कुठेच नाही. रस्ता जरा चढतो, जरा उतरतो, एखाद्या नाल्याच्या रपट्यापाशी खाली येतो आणि पुन्हा वर निघतो. कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग आहे, साकोलीहून सिरोंच्याला जाणारा ३५३-सी. पण एवढ्या मोठ्या नावाच्या मानानं त्यावर वर्दळ फारच थोडी, आणि सायकलवाल्याला नेमकं तेच हवं असतं.

ही निवांतता आली कुठून? जंगलामुळे, असं सहज उत्तर मिळतं. खरं उत्तर मात्र एका तहात सापडतं, आणि त्या तहाचा विषय रस्ता नव्हताच. तो होता नदीतल्या नावांचा.

१८६० च्या डिसेंबरात इंग्रजांनी हैदराबादच्या निजामाशी करार केला. १८५७ च्या उठावात निजाम इंग्रजांच्या बाजूनं उभा राहिला होता, त्याची ही परतफेड. ५० लाखांचं कर्ज माफ झालं, सुरपूरचं संस्थान निजामाच्या पदरात पडलं, आणि १८५३ मध्ये वऱ्हाडाबरोबर इंग्रजांनी ताब्यात घेतलेले धाराशिव आणि रायचूर दुआब त्याला परत मिळाले. मराठवाड्यात या तहाची आठवण निघते ती धाराशिवमुळे. पण त्याच कागदावर उलट्या दिशेचाही एक व्यवहार आहे. गोदावरी आणि वैनगंगा-प्राणहितेच्या डाव्या काठावरचे निजामाचे तालुके इंग्रजांकडे आले. सिरोंचा, नुगूर, अल्बाका, चेरला, भद्राचलम, रेकापल्ली, अशी ही नदीकाठची लांबट पट्टी. शिवाय नदीतून जाणाऱ्या मालावर जकात घ्यायची नाही, हेही ठरलं.

म्हणजे धाराशिव निजामाकडे गेलं आणि सिरोंचा इंग्रजांकडे आलं, ते एकाच सहीनं. धाराशिवसारखा मुलूख सोडताना इंग्रजांना या जंगलपट्टीची ओढ का वाटली असावी? महसूल किरकोळ, वस्ती विरळ, पावसाळ्यानंतर हिवतापाचा मुक्काम. जकातीचं कलम वाचलं की उत्तर हाती येतं. त्यांना जमीन नको होती, काठ हवा होता.

काठ हवा होता तो आर्थर कॉटनच्या स्वप्नासाठी. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पुरा करणारा हा मद्रासचा इंजिनिअर रेल्वेपेक्षा पाण्यावर विश्वास ठेवणारा होता. वर्धा, प्राणहिता, गोदावरी या मार्गानं नागपूर-वऱ्हाडचा कापूस थेट बंगालच्या उपसागरापर्यंत नावांनी न्यायचा, हा त्याचा बेत. हिंगणघाटचा कापूस नावाजलेला होता, आणि तो बैलगाड्यांवरून मुंबईला पोचायला महिने लागत. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि कॉटनच्या बेताला एकदम भाव आला.

अडचण एकच होती, पण ती खडकाची होती. नदीच्या पात्रात तीन ठिकाणी कठीण खडकांचे पट्टे आडवे येतात आणि तिथे मैलोन् मैल नाव चालत नाही. पहिला अडथळा भद्राचलमच्या वर दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेवर देवलमरीला, म्हणजे आजच्या अहेरी तालुक्यात. कॅप्टन हेग या इंजिनिअरच्या देखरेखीखाली बंधारे, कालवे आणि दरवाजे बांधून या खडकांना वळसा घालायचं काम सुरू झालं. दुम्मागुडेमचं काम बरंच पुढे गेलं. वरची दोन्ही अर्धवटच राहिली.

आता नकाशावर बोट ठेवावं. दुसरा आणि तिसरा अडथळा यांच्या मधोमध, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे सिरोंचा आहे. नवा ‘अप्पर गोदावरी’ जिल्हा तयार झाला तेव्हा त्याचं मुख्य ठाणं या गावी आलं, ते याच कारणानं. डेप्युटी कमिशनर इथे बसू लागला. आज जिल्ह्याच्या टोकाला, गडचिरोलीपासून सुमारे २०० किलोमीटरवर असलेलं हे गाव तेव्हा स्वतःच जिल्ह्याचं ठिकाण होतं आणि मध्य प्रांताचं समुद्राकडे उघडणारं दार होणार होतं.

ते दार उघडलंच नाही. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली आणि कापसाला मुंबईची सरळ वाट मिळाली. नदी मोठ्या नावांना पावसाळ्यात आणि त्यानंतरचे थोडे महिनेच पाणी पुरवी, रेल्वे बाराही महिने धावे. १८७१ मध्ये जलमार्गाचं काम थांबवण्यात आलं. १८७४ मध्ये जिल्हाच मोडला. भद्राचलम आणि रेकापल्ली मद्रास इलाख्याकडे गेले, सिरोंचा चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातली एक तहसील झाली. पुढे १९०७ मध्ये नुगूर, अल्बाका, चेरलाही मद्रासकडे गेले. सिरोंचा तेवढा मागे राहिला आणि म्हणून आज महाराष्ट्रात आहे. बाजारात तेलुगू, कचेरीत मराठी, जंगलातल्या गावांत माडिया-गोंडी, हे सिरोंच्याचं बोलणं त्या नावांच्या तहाचंच फळ आहे.

रस्त्याची कुळकथा इथून सुरू होते. नदी हाच महामार्ग होणार म्हटल्यावर जमिनीवरच्या वाटेकडे दुय्यम म्हणून पाहिलं गेलं. ठाण्यापर्यंत टपाल, शिपाई आणि सामान पोचेल एवढी गाडीवाट पुरेशी होती. नदी बाद झाली तोवर व्यापार पश्चिमेला रेल्वेकडे वळला होता. दुसरा फटका १९२९ ला बसला. काझीपेठ-बल्लारशा मार्ग पुरा होऊन दिल्ली-मद्रास रेल्वे जोडली गेली, ती सिरपूर, मंचेरियालवरून, सिरोंच्याच्या बरीच पश्चिमेकडून. दोनदा मोठा प्रवाह जवळून गेला आणि दोन्ही वेळा हा रस्ता बाजूला राहिला.

या मांडणीला विरोध करणारी मतं तीन आहेत, आणि तिन्हींत थोडंफार तथ्य आहे.

पहिलं मत वनखात्याचं. राखीव जंगल आहे, वस्ती नाही, मग वर्दळ कुठली? पण जंगल असलं की रस्ता शांतच असतो, असं नाही. आलापल्लीचा साग इंग्रजी अमदानीपासून प्रसिद्ध आहे. भामरागडच्या वाटेवरचा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हा ६ हेक्टरांचा जुना सागवनाचा तुकडा १९५३ मध्ये राखून ठेवला गेला आणि २०१४ मध्ये राज्याचं पहिलं जैवविविधता वारसास्थळ ठरला. त्याच आलापल्लीच्या उत्तरेला, आष्टीकडच्या रस्त्यावर, सुरजागडचं लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांची रांग असते. जंगल दोन्हीकडे आहे, शांतता फक्त दक्षिणेला. जिथे माल आहे तिथे रस्ता गजबजतो. दक्षिणेकडचा माल दीडशे वर्षांपूर्वी नदीत बुडाला.

दुसरं मत नक्षल चळवळीकडे बोट दाखवतं. १९८० नंतर बाहेरची माणसं इकडे यायची थांबली, हे खरं. पण ज्या वाटेवरून फारशी माणसं जातच नव्हती, तिचं मौन या काळात गडद झालं एवढंच म्हणता येईल. जन्म त्याआधीचा.

तिसरं मत सगळ्यांत वजनदार: पूल नव्हते. प्राणहिता, गोदावरी, इंद्रावती या तिन्ही नद्यांनी सिरोंचा तालुका तीन बाजूंनी वेढलेला. गेल्या काही वर्षांत पूल होईपर्यंत नदीपलीकडच्या कालेश्वरला जायचं तर डोंग्यात बसावं लागे, आणि सायकल असली तर तीही डोंग्यात चढे. रस्ता पुढे जातच नसेल तर त्यावरून जाणार कोण? हे पटतं. मात्र त्यामागचा प्रश्न विचारायला हवा: पूल इतके उशिरा का झाले? पुलावर पैसा खर्च करावा असा व्यापार काठावर उरला नव्हता म्हणून. पूल नसणं हे कारण दिसतं, पण ते परिणामांपैकी एक आहे.

हा नियम फक्त गडचिरोलीचा नाही. दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांत सायकलवाल्यांना सर्वांत प्रिय असलेल्या वाटा अशाच जन्मल्या. खडूतून पाणी झिरपून जातं, म्हणून टेकडीचा माथा कोरडा राहतो. जुन्या काळी माणसं आणि गुरं त्या माथ्यावरून चालत. ‘रिजवे’ ही तिथली प्रसिद्ध वाट. मग टोलचे रस्ते आणि रेल्वे खोऱ्यात उतरले, आणि माथा मोकळा झाला. १९७७ मध्ये ब्रिस्टलमध्ये सुरू झालेल्या सायकलवाल्यांच्या चळवळीनं तर बंद पडलेल्या ब्रिस्टल-बाथ रेल्वेच्या बांधावरूनच सायकलवाट काढली. तिथे मेलेल्या रेल्वेचा वारसा सायकलला मिळाला, इथे मेलेल्या जलमार्गाचा.

खडूचं नाव निघालं म्हणून जमिनीकडेही पाहायला हवं. सिरोंच्याजवळ खडू नाही, पण त्याच्याच कुळातला चुनखडक आहे. प्राणहितेच्या डाव्या काठावर कोटा नावाचं गाव आहे. तिथल्या खडकाच्या थराला भूगर्भशास्त्रात ‘कोटा’ हेच नाव पडलं. इंग्लंडचा खडू समुद्राच्या तळाशी साचला, कोट्याचा चुनखडक जुरासिक काळातल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे कोळशासाठी बोअर घेतलं गेलं. बेल नावाच्या साहेबानं त्याची हकीकत लंडनला कळवली. त्याच गावचे मासे, खडकात उमटलेले, लंडनला पोचले आणि १८५१ मध्ये एजर्टन या अभ्यासकानं एका माशाला ‘लेपिडोटस डेक्कनेन्सिस’ असं नाव दिलं. दख्खनच्या मोजणीसाठी आपल्याला माहीत असलेला कर्नल साइक्स या कामात होता. कोळसा कुणासाठी शोधत होते? ज्या वर्षांत कॉटन गोदावरीवर बंधारा बांधत होता त्याच वर्षांत प्राणहितेकाठी कोळशाचा शोध चालावा, यात आगबोटींच्या इंधनाची आशा वाचायला हरकत नाही.

या थरानं पुढे आणखी मोठं काही दिलं. १९५८ ते १९६१ दरम्यान कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या मंडळींना पोचमपल्लीजवळ सुमारे ३०० हाडं मिळाली. मांडीचं हाड १.७ मीटरचं. १९७५ मध्ये या डायनासोरचं नाव ‘बारापासॉरस टागोराय’ असं ठेवलं गेलं: मोठ्या पायाचा, आणि रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीची आठवण. सिरोंचा वनविभागात वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तिथे दगड झालेली झाडं पाहता येतात. सायकलवरून येणाऱ्यानं तिथे थांबून जावंच.

सौम्य चढउतारांचं कारणही याच जमिनीत आहे. प्राणहिता-गोदावरीचं खोरं म्हणजे खचलेली भूपट्टी, आणि तिच्यात भरलेले वालुकाश्म, मातीचे खडक आणि चुनखडक मऊ. ते झिजून उतार पसरट झाले. ज्या कठीण खडकांनी नावा अडवल्या ते याच खोऱ्यात आडवे आलेले. मऊ खडकानं रस्ता सोपा केला आणि कठीण खडकानं तो रिकामा ठेवला.

चांदा जिल्ह्याला सायकलचं नातं नवं नाही. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमट्यांनी १९८५ मध्ये ‘भारत जोडो’ची हाक दिली आणि तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलवरून निघाले. आज गडचिरोलीच्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात. या रस्त्यावर सकाळी दिसणारे सगळ्यांत नियमित सायकलस्वार बहुधा त्याच.

नदीचा विषय मात्र अजून संपलेला नाही. सिरोंच्याजवळ मेडीगड्ड्याचा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला आणि २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. इंचमपल्लीचं नाव गोदावरीचं पाणी कावेरीकडे नेण्याच्या योजनेत पुन्हा घेतलं जातं. आणि २०१६ च्या कायद्यानं संसदेनं वैनगंगा-प्राणहितेला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०९ म्हणून जाहीर केलं आहे.