रांगेतील माणसे : सुगिहारा यांच्यावरील दोन चित्रपट

ऐतिहासिक नाट्यात कोणत्या जनसमूहास न्याय मिळाला, याचा निवाडा बहुधा नटांच्या चेहऱ्यांवरून केला जातो. ही कसोटी निरर्थक नव्हे. १९३७ च्या ‘द गुड अर्थ’ या अमेरिकन चित्रपटात चिनी शेतकऱ्याची भूमिका रंगभूषा चढवून पॉल म्युनी या गौरवर्णी नटाने केली होती, हे आठवले म्हणजे तिचे महत्त्व पटते. तथापि ती अपुरी आहे, असे लिथुएनियातील कौनास येथील जपानी वाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांच्यावरील चित्रपट पाहता वाटते.

‘व्हिसाज अँड व्हर्च्यू’ हा २६ मिनिटांचा लघुपट १९९७ सालचा. क्रिस ताशिमा या जपानी वंशाच्या अमेरिकन कलावंताने तो दिग्दर्शित केला व सुगिहारांची भूमिकाही स्वतःच केली. त्यास ऑस्कर पारितोषिक मिळाले. चेलिन ग्लक यांचा ‘पर्सोना नॉन ग्राटा’ २०१५ मध्ये आला. त्याचे चित्रण मुख्यतः पोलंडात झाले असून त्यात तोशिआकी कारासावा यांच्यासमवेत अनेक पोलिश नट आहेत. येथवर सारे यथायोग्य आहे. परंतु या पोलिश नटांच्या तोंडी बव्हंशी इंग्रजी आहे! ज्या कौनासमध्ये यिडिश, पोलिश, लिथुएनियन व रशियन कानी पडत असे, ते कौनास येथे मुके झाले आहे. स्वतः सुगिहारा हार्बिन येथे शिकलेले रशियन भाषेचे जाणकार होते, आणि सोव्हिएट अधिकाऱ्यांशी व्यवहार करताना ते ज्ञान त्यांना उपयोगी पडले. तेव्हा भाषा ही येथे केवळ सजावटीची बाब नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १९४० च्या जुलै-ऑगस्टमध्ये सुगिहारांनी वरिष्ठांच्या आदेशाचे बंधन झुगारून दोन हजारांहून अधिक परवाने दिले. पण ते जपानमार्गे पुढे जाण्याचे परवाने होते. पुढचे ठिकाण दाखवणे आवश्यक होते. ते पुरवले यान झ्वार्टेन्डाइक यांनी. हे फिलिप्स कंपनीचे तेथील व्यवस्थापक. हॉलंडचे वाणिज्यदूतपद त्यांच्याकडे नुकतेच आले होते. क्युरासाव बेटावर प्रवेशास व्हिसा लागत नाही, असे ते लिहून देत. तेथील गव्हर्नरची अनुमती लागते, हा भाग मात्र वगळत. याद वाशेम या संस्थेने सुगिहारांना १९८४ मध्ये गौरविले. झ्वार्टेन्डाइक यांना तो मान १९९७ मध्ये, मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी मिळाला. एकाच नायकाभोवती रचलेल्या नाट्याचा मोह इतिहासाच्या स्मृतीसही सुटलेला नाही.

आता रांगेतील माणसांकडे वळू. सुगिहारांच्या यादीतील बहुसंख्य नावे पोलंडातून आलेल्या निर्वासितांची आहेत. कौनासचे मूळ रहिवासी असलेले ज्यू त्या रांगेत अल्पच दिसतात. याचे कारण भीतीचा अभाव नव्हे. ऑगस्ट १९४० मध्ये लिथुएनिया सोव्हिएट संघात विलीन झाला, आणि त्या राज्याचे नागरिक ठरलेल्यांना देशाबाहेर जाण्याची अनुज्ञा मिळणे जवळजवळ अशक्य झाले. पडद्यावरील रांग कितीही वास्तव चेहऱ्यांची असो, तिच्या बाहेर राहिलेल्या या लोकांना कोणताही नट लाभलेला नाही. जून १९४१ मध्ये जर्मन सैन्य आले. २९ ऑक्टोबर १९४१ रोजी कौनासच्या नवव्या किल्ल्यावर एका दिवसात नऊ हजारांवर ज्यू स्त्रीपुरुष व मुले गोळ्या घालून मारण्यात आली.