पुण्यात ट्रॅफिक पोलिसांनी गाडी अडवली तर काय करायचं?

पुणे : मार्केट यार्डात माल घेऊन किंवा दवाखान्याच्या कामाला शहरात गेल्यावर चौकात पोलिसांनी हात केला, की गावाकडच्या अनेक चालकांची धांदल उडते. कुणी गाडी पळवतो, कुणी गुपचूप शंभर-दोनशे काढतो. दोन्हीची गरज नाही.

थांबा : गाडी डाव्या बाजूला घ्या, इंजिन बंद करा, शांतपणे बोला. गणवेशातील पोलिसांनी मागितल्यास लायसन्स दाखवणं बंधनकारक आहे.

कागदपत्रं : २०१८ मध्ये नियम १३९ बदलला. तेव्हापासून डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधलं लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी चालतं. गॅलरीतला नुसता फोटो मात्र ग्राह्य धरत नाहीत. त्यामुळे घरून निघतानाच ॲप उघडून बघा.

चावी : चावी हिसकावून घेण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात नाही. मात्र चालकाकडे लायसन्सच नसेल किंवा गाडीची नोंदणी नसेल, तर कलम २०७ खाली गाडी ताब्यात घेता येते.

दंड : ई-चलान मागा. पावतीशिवाय रोख पैसे देऊ नका. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. चलान चुकीचं वाटलं तर रस्त्यात हुज्जत नको, महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करता येते.

सावध : व्हॉट्सॲपवर चलानच्या नावानं 'एपीके' फाईल आली तर उघडू नका, बँक खातं रिकामं होऊ शकतं. चलान सरकारी ॲपवरच तपासा.