गंगेच्या गाळातील क्रोमियम : जाजमऊच्या दीडशे वर्षांचा हिशेब

नदीच्या प्रदूषणाची चर्चा बहुधा पाण्याच्या नमुन्यापाशी थांबते. पाणी आज काळे असेल, पुरानंतर निवळलेले दिसेल. काठावर साचलेला गाळ मात्र वर्षानुवर्षांची नोंद जपून ठेवतो. चिकणमातीचे सूक्ष्म कण, लोह व मँगनीजची ऑक्साइडे आणि सेंद्रिय द्रव्ये यांना जड धातू चिकटतात व त्यांच्यासह तळाशी बसतात. कानपूरच्या जाजमऊ भागातील गंगेच्या गाळात क्रोमियम का आढळते, याचे उत्तर म्हणूनच रसायनशास्त्राइतकेच इतिहासातही शोधावे लागते.

1857 च्या उठावानंतर इंग्रजी फौजेला खोगिरे, पट्टे व बूट मोठ्या प्रमाणावर हवे होते. 1859 साली अलाहाबादहून कानपूरपर्यंत रेल्वे आली. भोवतालच्या मुलखात गुरांची कातडी आणि बाभळीची साल विपुल होती. लष्कराने येथे खोगीर-सामानाचा कारखाना उभारला. पुढे कूपर ॲलनसारख्या खाजगी कंपन्या आल्या. त्या काळी कातडी सालीच्या काढ्यात आठवडेच्या आठवडे मुरवून कमावली जात. त्या सांडपाण्याने नदी नासत नव्हती असे नाही. पण त्यातील बहुतेक घाण कालांतराने कुजून जाणारी होती.

1884 साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासमध्ये ही पद्धत रुजवण्याचा उद्योग केला. आठवड्यांचे काम थोड्या दिवसांत होऊ लागले आणि चामडेही मऊ व उष्णता सोसणारे निघू लागले. मात्र नेहमीच्या प्रक्रियेत वापरलेल्या क्रोमियमपैकी सुमारे 60 ते 70 टक्केच कातड्यात मुरते. उरलेले सांडपाण्यात जाते. धातू कुजत नाही, एवढाच या कथेतील निर्णायक फरक.

1970 च्या दशकात सरकारने कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर निर्बंध घालून तयार चामड्याला उत्तेजन दिले. परकीय चलन व रोजगार या दृष्टीने ते धोरण समंजस होते. परंतु त्यामुळे प्रक्रियेतील सर्वांत घाण टप्पे देशातच राहिले, आणि जाजमऊच्या छोट्या टॅनऱ्यांकडे सांडपाणी शुद्ध करण्याची ना जागा होती, ना भांडवल.

1985 साली एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. सप्टेंबर 1987 मध्ये न्यायालयाने प्राथमिक शुद्धीकरणाची सोय नसलेल्या टॅनऱ्या बंद करण्याचा आदेश दिला. बेकारीची झळ मान्य करूनही लोकांचे आरोग्य त्याहून मोलाचे ठरवले. गंगा कृती योजनेखाली, डच सहकार्याने, 1994 साली जाजमऊत सामाईक प्रक्रिया केंद्र सुरू झाले. त्याची क्षमता दिवसाला 3 कोटी 60 लाख लिटर होती. त्यात 90 लाख लिटर टॅनऱ्यांचे पाणी आणि उरलेला शहराचा मैला. प्राणवायूविना चालणारे जिवाणू सेंद्रिय घाण पचवतात. क्रोमियम मात्र त्यांना पचत नाही. ते टॅनरीतच वेगळे काढले नाही, तर केंद्राच्या गाळात बसते, अथवा पाण्याबरोबर पुढे जाते. हेच पाणी लगतच्या गावांतील शेतांना दिले गेले. नदी वाचवण्याच्या प्रयत्नात धातूचा मुक्काम काही अंशी नदीतून शेतात हलला.

गाळातील भर निसर्गाची किती व माणसाची किती, हे ठरवण्यासाठी जर्मन भूवैज्ञानिक म्युलर यांनी 1969 साली भूसंचय निर्देशांक मांडला. त्यात आढळलेल्या प्रमाणाची तुलना मूळ नैसर्गिक पातळीशी केली जाते. क्रोमियमचे रूपही पाहावे लागते. त्रिसंयुजी क्रोमियम कणांना घट्ट धरून राहते. षट्संयुजी मात्र पाण्यात सहज विरघळते व कर्करोगकारक आहे. गाळाचे कण पुराने वा खोदकामाने पुन्हा हलतात, हेही विसरता येत नाही. आजची टॅनरी उद्या बंद झाली, तरी कालचा साठा जागेवरच असतो.

म्हणून उपायाचा क्रम इतिहासच सांगतो: क्रोमियम नाल्यात पडण्यापूर्वी, कातडे कमावण्याच्या पिंपापाशीच परत मिळवणे, आणि त्याचा खर्च चामड्याच्या किमतीत धरणे. दीडशे वर्षे तो खर्च किमतीत धरला गेला नाही. तो नदीने, काठच्या शेतकऱ्याने आणि उघड्या हातांनी ओली कातडी उचलणाऱ्या कामगाराने सोसला आहे.