हेडलीचा कबुली-सौदा

डेव्हिड हेडली या आरोपीने अमेरिकी सरकारी पक्षाशी मार्च २०१० मध्ये केलेला करार. गुन्हा कबूल करायचा, कित्येकदा तपासालाही मदत करायची आणि मोबदल्यात शिक्षेत सवलत घ्यायची, या पद्धतीला ‘प्ली बार्गेनिंग’ म्हणतात. तिची झळ महाराष्ट्राला सर्वाधिक बसली ती या प्रकरणात.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. हल्ल्याच्या ठिकाणांची आधी टेहळणी केली ती हेडलीने. ऑक्टोबर २००९ मध्ये तो शिकागोत पकडला गेला व पुढे त्याने बाराही आरोप मान्य केले. त्या बदल्यात मृत्युदंड टळला, आणि भारत, पाकिस्तान वा डेन्मार्कच्या स्वाधीन न करण्याची हमीही मिळाली. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली.

परदेशी न्यायालयांपुढे साक्ष देण्याचे करारातले कलम मात्र मुंबईच्या कामी आले. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केले. फेब्रुवारी २०१६ मध्ये विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे त्याची साक्ष घेतली. हा खटला मुंबई हल्ल्याच्या कटातला आरोपी अबू जुंदाल याच्यावरचा. जुंदाल मूळचा बीड जिल्ह्यातला. औरंगाबाद शस्त्रसाठा या वेगळ्या प्रकरणात त्याला त्याच वर्षी जन्मठेप झाली.

आंतरराष्ट्रीय न्यायालये असा सौदा स्वतःवर बंधनकारक मानत नाहीत. रवांडाचे माजी पंतप्रधान जाँ कंबांडा यांनी वंशसंहाराची कबुली दिली, तरी १९९८ मध्ये त्यांना जन्मठेपच झाली. स्रेब्रेनिका हत्याकांडात गोळ्या झाडल्याची कबुली देणाऱ्या एर्देमोविचची शिक्षा मात्र दहा वर्षांवरून पाचवर आली.

भारतात ही तरतूद जुलै २००६ पासून आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच ती लागू होते. महिला व लहान मुलांविरुद्धचे गुन्हे वगळले आहेत. म्हणजे फुलंब्रीसारख्या तालुक्याच्या गावातल्या किरकोळ चोरीच्या खटल्यात आरोपी असा अर्ज करू शकेल, मुंबई हल्ल्यात जिवंत पकडलेल्या कसाबला तो मार्ग नव्हता. आपल्या कायद्यात तडजोडीच्या बैठकीला पीडितालाही बोलावले जाते, आणि हीच या तरतुदीची खरी ताकद आहे. शिकागोच्या करारात मुंबईच्या मृतांच्या कुटुंबीयांना असे स्थान नव्हते. त्या कराराचा सर्वांत मोठा दोष हाच.

हेडलीचा साथीदार तहव्वूर राणाने सौदा न करता खटला लढवला. त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये तो भारताच्या ताब्यात आला. हेडली आला नाही.