केर्टामेन

केर्टामेन : लॅटिन भाषा आणि ग्रीक-रोमन संस्कृती या विषयांवरील शालेय विद्यार्थ्यांची सांघिक प्रश्नस्पर्धा. ती मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत खेळली जाते. मूळ लॅटिन शब्द नपुंसकलिंगी असून त्याचा अर्थ झुंज, चुरस असा आहे, अनेकवचन ‘केर्टामिना’. ‘केर्टारे’ (झुंजणे) हे क्रियापद ‘केर्नेरे’ या धातूच्या कुळातले आहे आणि त्या धातूचा मूळ अर्थ चाळणे, निवडणे, निकाल लावणे असा होतो. चाळणीत जे उरते ते खरे, ही कल्पना या शब्दाच्या पोटातच आहे. शब्दाचा उच्चार प्राचीन रोमन पद्धतीने ‘केर्टामेन’, चर्चच्या लॅटिनमध्ये ‘चेर्तामेन’ आणि इंग्रजी वळणाने ‘सर्टामेन’ असा होतो. या नोंदीत पहिला उच्चार स्वीकारला आहे.

लॅटिनच्या शिक्षक-अभ्यासकांच्या अमेरिकन क्लासिकल लीग (स्था. 1919) या संस्थेने 1936 मध्ये शालेय विद्यार्थ्यांसाठी नॅशनल ज्युनियर क्लासिकल लीग ही शाखा काढली. शाखेचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन 1954 मध्ये टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ येथे भरले. तेव्हापासून ते दरवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत सहसा कोणत्या ना कोणत्या विद्यापीठाच्या आवारात भरते. जांभळा आणि सोनेरी हे लीगचे रंग. सभासदसंख्या सुमारे 50,000 सांगितली जाते. केर्टामेन हा या अधिवेशनाचा सर्वांत गाजणारा भाग. याशिवाय राज्य पातळीवरील अधिवेशनांत आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारख्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी भरवलेल्या निमंत्रित स्पर्धांतही ते खेळले जाते.

या खेळाचे मोल कळण्यासाठी अमेरिकी शाळांतील लॅटिनची घसरण ध्यानात घ्यावी लागते. 1962 मध्ये तेथील माध्यमिक शाळांत सुमारे 7 लाख मुले लॅटिन शिकत होती. 1976 मध्ये ती सुमारे दीड लाखावर आली. सोव्हिएट संघाने 1957 मध्ये स्पुटनिक उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकेने 1958 च्या कायद्याने विज्ञान, गणित आणि आधुनिक भाषांकडे पैसा वळवला. महाविद्यालयांची लॅटिनची अट सैल होत गेली, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) कॅथलिक चर्चची उपासनाही लोकभाषांत होऊ लागली. ज्या भाषेची सक्ती गेली आणि जिच्यावर पोट भरण्याची शक्यता नाही, ती भाषा ज्या मुलांनी आपखुशीने धरून ठेवली त्यांच्या उत्साहावर ही स्पर्धा उभी आहे.

सामन्याची रीत : एका खोलीत तीन संघ समोरासमोर बसतात. प्रत्येक संघात चार खेळाडू, प्रत्येकाच्या हाताशी बझरचे बटण. प्रश्न तीन भागांचा असतो. पहिला भाग ‘टॉस-अप’, 10 गुणांचा. तो तिन्ही संघांसाठी खुला असतो, पण खेळाडूने आपसांत न बोलता एकट्याने उत्तर द्यायचे. बटण दाबल्यावरही प्रश्नकर्त्याने नाव घेईपर्यंत थांबावे लागते. उत्तर बरोबर आले तर त्या संघाला प्रत्येकी 5 गुणांचे दोन ‘बोनस’ मिळतात. त्यांवर चौघांना कुजबुजून विचार करता येतो आणि उत्तर कर्णधार देतो. टॉस-अप चुकला तर त्या संघाची संधी संपते व उरलेले दोन संघ पुढे सरसावतात. चुकीला उणे गुण नाहीत.

प्रश्न पुरा होण्याआधीही बटण दाबता येते, आणि खरी रंगत तिथेच आहे. ‘ख्रि. पू. 216 मध्ये कानाएच्या लढाईत रोमन सैन्याचे नेतृत्व करणाऱ्या दोन कॉन्सलांपैकी कोण...’ इथवर ऐकून एखादी मुलगी बटण दाबते. प्रश्नकर्ता थांबतो. आता उत्तर दोनांपैकी एक : रणांगणावर पडलेला एमिलियुस पाउलुस, की वाचून रोमला परतलेला वारो? जिने बटण दाबले तिला लढाई पुरती ठाऊक आहे. प्रश्न कोणत्या दिशेला वळणार एवढेच ठाऊक नाही. आणखी दोन शब्द ऐकावेत तर शेजारचा संघ पुढे जातो. चुकल्यास इतरांना पूर्ण प्रश्न ऐकायला मिळतो.

व्याकरणाच्या प्रश्नांत हीच कसोटी अधिक बारीक होते. समजा टॉस-अप आला : ‘कोर्पुस’ (शरीर) या नामाचे षष्ठीचे एकवचन सांगा. कच्चा विद्यार्थी शेवटचा ‘उस’ ऐकून ‘दोमिनुस’च्या (धनी) चालीवर ‘कोर्पी’ म्हणतो आणि फसतो, कारण कोर्पुस तिसऱ्या वर्गातले नपुंसकलिंगी नाम असून त्याची षष्ठी ‘कोर्पोरिस’ होते. मग बोनसात ‘आब्लातिवुस’ विभक्तीचे एकवचन (कोर्पोरे) आणि त्याचेच अनेकवचन (कोर्पोरिबुस) विचारता येते. संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला हे घरचेच वाटेल. देव, वन, माला चालवताना जिभेला जी सवय लागते तीच इथे कामाला येते. संस्कृतात आठ विभक्त्या, लॅटिनच्या रोजच्या वापरात सहा. आपली तृतीया, पंचमी आणि बहुतांशी सप्तमी ही तिन्ही कामे तेथे एकट्या आब्लातिवुसवर पडली. त्यामुळे एकाच रूपाचा अर्थ ‘शरीराने’, ‘शरीरापासून’ की ‘शरीरात’ हे वाक्यावरून ओळखावे लागते, आणि ते स्पर्धेत कानाने, क्षणात ओळखावे लागते. छापील पानावर बोट ठेवून वाचण्यापुरती उरलेली भाषा पुन्हा ऐकण्याची भाषा होते, हे या खेळाचे मोठे कार्य मानले पाहिजे. काही प्रश्नांत तर संपूर्ण संघाला लॅटिनमध्ये आज्ञा दिली जाते (‘सुर्गिते ओम्नेस एत क्लामाते’ : सगळे उठा आणि ओरडा) आणि उत्तर म्हणून ती करून दाखवायची असते.

स्पर्धा लॅटिनच्या इयत्तेनुसार नवशिके, मध्यम व प्रगत अशा पातळ्यांवर होते. राष्ट्रीय अधिवेशनात राज्यांचे संघ प्राथमिक फेऱ्यांतून उपांत्य आणि मग तीन संघांच्या अंतिम फेरीपर्यंत जातात. आयोजनात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या सीनियर क्लासिकल लीगचे मोठे साहाय्य असते. कालचे खेळाडूच आज प्रश्न वाचतात.

विषय : व्याकरण, शब्दसंग्रह, रोमन इतिहास, पुराणकथा, साहित्य, दैनंदिन जीवन, बोधवाक्ये व संक्षेप (घड्याळातले ए. एम. आणि पी. एम. हे त्यांतलेच) आणि इंग्रजी शब्दांची लॅटिन मुळे. या शेवटच्या प्रकारात भाषेच्या अभ्यासकाला विशेष गोडी वाटते. ‘पेन’ आणि ‘पेन्सिल’ हे शब्द सख्खे भाऊ वाटतात, पण नाहीत : पहिला ‘पेन्ना’ (पीस) पासून आला, दुसरा ‘पेनिकिल्लुस’ (छोटी शेपटी, म्हणून चित्रकाराचा कुंचला) पासून. ‘सॅलरी’च्या मुळाशी ‘साल’ म्हणजे मीठ आहे. साहित्याच्या प्रश्नांत व्हर्जिल, ऑव्हिड, सिसेरो, लिव्ही हे नेहमीचे. ग्रीक भाषेला लॅटिनच्या मानाने कमी जागा मिळते. पुराणकथांत मात्र ग्रीक अंश भरपूर.

अधिवेशनातील इतर स्पर्धा : लेखी परीक्षा, वक्तृत्व, नाट्यवाचन, चित्रकला व हस्तकला, वेशभूषा, मैदानी खेळ.

मतभेद : उत्तराच्या वेगाला मिळणारे महत्त्व आणि साधनसंपन्न शाळांना सरावासाठी मिळणारी मोकळीक यांवर शिक्षकांत दुमत आहे. लॅटिन क्लबांच्या मेजवान्यांत नव्या मुलांचा ‘गुलाम’ म्हणून लुटुपुटीचा लिलाव करण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती. ती केर्टामेनचा भाग नव्हती, पण त्याच वर्तुळातली होती. टीकेनंतर ती मागे पडली, हे योग्यच झाले.

2020 मध्ये महासाथीमुळे राष्ट्रीय अधिवेशन दूरस्थ पद्धतीने झाले.

युरोपातील समांतर परंपरा : ‘केर्टामेन’ हेच नाव युरोपात वेगळ्या, लेखी स्पर्धांना आहे. सिसेरोच्या (ख्रि. पू. 106–43) जन्मगावी, इटलीतील आर्पीनो येथे, ‘केर्टामेन किकेरोनियानुम आर्पिनास’ ही स्पर्धा 1980 पासून भरते. शाळेच्या शेवटच्या वर्षांतील मुले निरनिराळ्या देशांतून येतात. सिसेरोचा एक उतारा समोर ठेवला जातो, आणि त्याचे आपापल्या भाषेत भाषांतर व विवरण करण्यासाठी पाच तास मिळतात. येथे बझर नाही. एका लांबलचक वाक्यातले कर्ता, कर्म, क्रियापद शोधण्यात पहिला अर्धा तास गेला तरी चालते. आम्स्टरडॅमची ‘केर्टामेन हूफ्टियानुम’ ही लॅटिन काव्यरचनेची स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 1978 पर्यंत चालली. ती शालेय नव्हती, परंतु इटालियन कवी जोव्हान्नी पास्कोली यांनी तीत 13 सुवर्णपदके मिळवली म्हणून येथे उल्लेख आवश्यक.

महाराष्ट्रात अशी सांघिक स्पर्धा नसली तरी अभिजात भाषेतील शालेय गुणवत्तेला मान देण्याची परंपरा आहे आणि ती मॅट्रिकच्या परीक्षेशी जोडलेली आहे. संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. अर्थतज्ज्ञ चिंतामणराव देशमुखांनी ती 1912 मध्ये मिळवली.