मद्रासच्या समुद्राचे चित्र आणि कोठीची दोन मुले

समुद्रावरील वादळाचे चित्र पाळकाच्या हाती पडले की त्याचा अर्थ बहुधा आधीच ठरलेला असतो. तारू म्हणजे मंडळी, लाटा म्हणजे संकटे, बंदर म्हणजे तारण. हा अर्थ प्राचीन मंडळीपासून चालत आला आहे. सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी त्यास रंगरूप दिले. रेम्ब्रांट यांचे गालील समुद्रावरील वादळ १६३३ चे आहे. पुढे ही समुद्रचित्रे काढण्याची रीत इंग्रजांनी उचलली.

विल्यम डॅनियल यांनी १८३३ मध्ये रंगविलेले मद्रासचे चित्र याच रीतीतले. विषय सेंट जॉर्ज किल्ल्यासमोरील खवळलेला समुद्र. झंझावात ओसरू लागला आहे, असे शीर्षकच सांगते. येथे मात्र तो ठरलेला अर्थ घाईने लावू नये, असे आम्हांस वाटते. पहिले कारण असे की, डॅनियल १७९४ मध्येच इंग्लंडला परतले होते. जवळजवळ चाळीस वर्षांनी काढलेले हे चित्र म्हणजे एखाद्या दिवसाच्या हवामानाची नोंद नव्हे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे: त्या काळी मद्रासला बंदरच नव्हते.

जहाजे उघड्या समुद्रात नांगरून राहत. तेथून किनाऱ्यापर्यंत फुटणाऱ्या लाटांचे पट्टे ओलांडावे लागत, आणि ते काम मसुला नावाच्या होड्यांवाचून होत नसे. या होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. त्यांत खिळा नसे. खिळ्यांनी जोडलेली युरोपीय होडी त्या लाटांत फुटे, शिवलेली होडी मात्र लवे आणि तरून जाई. गव्हर्नर असो वा मिशनरी, प्रत्येकाला किनाऱ्यावर उतरविले ते तिथल्या नावाड्यांनीच. पुढे कृत्रिम बंदर बांधावयास घेतले, तर १८८१ च्या चक्रीवादळाने त्याचे बांध मोडून टाकले. पौलाच्या प्रवासातील ‘सुंदर बंदर’ हेही हिवाळा काढण्यास गैरसोयीचेच होते, हे प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ वाचणाऱ्यांस ठाऊक आहे.

या लाटांतून गेलेल्या दोन मुलांची हकिकत हैदराबादेत काम करणाऱ्या आपल्या बंधूंनी तरी जाणून घ्यावी. कोठी येथील रेसिडेन्सीची भव्य इमारत रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक यांनी उभारविली; पुढे तेथे स्त्रियांचे महाविद्यालय आले. कर्कपॅट्रिक यांनी हैदराबादच्या उमराव घराण्यातील खैरुन्निसा हिच्याशी इस्लामी रीतीने विवाह केला होता. त्यांची मुले साहिब आलम व नूरुन्निसा ही १८०५ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला धाडण्यात आली. तेव्हा मुलगा चार वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची. निघण्यापूर्वी मद्रासेत जॉर्ज चिनरी यांनी त्यांचे चित्र काढले. नंतर मुले जहाजावर गेली. जहाज गाठण्यास लाटांखेरीज दुसरी वाट नव्हती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पिता कलकत्त्यास वारला. १८०६ मध्ये लंडनला मुलांचा बाप्तिस्मा झाला. साहिब आलमचा विल्यम झाला, नूरुन्निसाची कॅथरिन झाली. आई १८१३ मध्ये निवर्तली. मुलांची व तिची पुन्हा भेट झाली नाही.

बाप्तिस्म्याचे नाव म्हणजे नवा जन्म, असे आपण शिकवितो, आणि ते खरे आहे. परंतु या नावांखाली एका मातेचे नाव दडले, हे नोंदवहीत दिसत नाही. जे जहाज लंडनच्या दृष्टीने सुखरूप पोहोचले, ते कोठीतील जनान्याच्या दृष्टीने बुडाल्यासारखेच होते. म्हणून वादळाचे चित्र पाहताना ते कोणत्या किनाऱ्यावरून पाहिले जात आहे, हे आधी विचारावे, असा आमचा आग्रह आहे. डॅनियल यांचा झंझावात ओसरतो आहे खरा. पण तो पाहणारा सुखरूप घरी परतलेला मनुष्य होता.

चिनरी यांचे ते चित्र कॅथरिनला प्रौढपणी एका इंग्रज गृहस्थाच्या घरी अकस्मात दिसले, आणि तिला रडू कोसळले. १८४१ मध्ये हैदराबादेत असलेल्या आपल्या आजीशी तिचा पत्रव्यवहार सुरू झाला. निरोपाच्या वेळी आई कोठे बसली होती, हे तिला आठवत होते. आईच्या केसांची एक बट मिळावी, अशी इच्छा तिने कळविली.